सुलभ सॉफ्टवेअर प्रवेशिका : सातारा व सांगली जिल्ह्यांतील होतकरूंसाठी

कराड, सातारा, साखराळे किंवा सांगली यांपैकी कुठेतरी चार वर्षं काढून जे नुकतेच मोकळे झाले आहेत आणि हिंजवडीच्या एखाद्या काचेच्या इमारतीत रुजू होण्याचं पत्र ज्यांच्या हातात आहे, अशा मुलामुलींसाठी ही प्रवेशिका आहे. पूर्वतयारी काही लागत नाही. कॉलेजात शिकवलेलं विसरला असाल तर उत्तम. विसरला नसाल तर ट्रेनिंगमध्ये तीही सोय होते.

पुण्यात पहिल्याच आठवड्यात कोणीतरी नागपूरचा किंवा इंदूरचा सहकारी विचारेल, की तुमच्या बाजूची एवढी माणसं या धंद्यात आली कुठून? उत्तर पाठ असू द्यावं. सांगलीचं वालचंद कॉलेज १९४७ चं, कराडचं सरकारी कॉलेज १९६० चं. पण तिथल्या जागा मोजक्या, आणि ज्यांना जागा मिळायची नाही ती पोरं देणगी भरून कर्नाटकात जायची. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील मुख्यमंत्री असताना विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी मिळाली. त्याच साली साखराळ्याला राजारामबापूंच्या नावाचं आणि साताऱ्याला कर्मवीरांच्या नावाचं कॉलेज उभं राहिलं. दादांचं स्वतःचं शिक्षण प्राथमिक शाळेच्या पुढे फारसं गेलेलं नव्हतं. तेव्हा कोणी विचारलंच, तर आम्ही हुशारीतून कमी आणि धोरणातून जास्त आलो आहोत, असं बेधडक सांगावं. ते खरंही आहे.

पाठ पहिला : घरी काय सांगावे

आपलं काम घरी समजावून सांगायच्या फंदात पडू नये. ‘बँकेच्या व्यवहारांची एक प्रणाली आहे, तिच्या एका भागाची चाचणी घेणारा जो दुसरा भाग आहे, त्याची मी देखभाल करतो’ हे वाक्य खरं असलं तरी जेवताना बोलण्यासारखं नाही. ‘बँकेचं काम आहे’ एवढंच म्हणावं. आप्पा पारावर जाऊन ‘पोरगं बँकेत हाय’ असं सांगतील. त्यात तुमचा तोटा काही नाही, झाला तर फायदाच होईल.

आजीचं मत मात्र कान देऊन ऐकावं. घरून काम करणाऱ्या नातवाकडे दोन दिवस बघून ती म्हणते, “दिसभर नुसता फोनवर बोलत बसतोय. काम कवा करतोय ह्यो?” या धंद्याबद्दल इतकं नेमकं निदान मी एकाही व्यवस्थापनतज्ज्ञाकडून ऐकलेलं नाही.

भावकीतला हमखास प्रश्न सातबाऱ्याचा असतो. चुलते म्हणतात, “आरं, उताऱ्यावर आज्याचं नाव चुकलंय. तू कंपूटरमधला, तेवढं दुरुस्त कर की.” इथे नवशिक्याला हसू येतं. हसू नये. उतारा आता मोबाइलवर दिसतो, डिजिटल सहीचा मिळतो. पण त्यातली लेखनाची चूक काढायला अर्ज करावा लागतो, जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली तहसीलदाराचा आदेश लागतो, आणि मग ती दुरुस्ती गावच्या दप्तरात उतरते. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात, एवढाच काय तो फरक. चुलत्यांचं म्हणणं सरळ आहे : ज्या जातीच्या माणसांनी चूक कंपूटरात घातली, त्यांच्यातल्याच एकानं ती काढावी. आपल्याकडून अशी अपेक्षा ठेवणारे आता चुलतेच उरलेत. त्यांना चहा पाजावा आणि तहसील कचेरीत सोबत जावं.

पाठ दुसरा : सकाळची उभी सभा

फेब्रुवारी २००१ मध्ये अमेरिकेच्या युटा राज्यात, स्नोबर्ड नावाच्या बर्फातल्या ठिकाणी सतरा प्रोग्रामर जमले. कागदपत्रांच्या ढिगाऱ्यांना आणि वर्षानुवर्षं चालणाऱ्या आराखड्यांना ते कंटाळले होते. त्यांनी एक छोटा जाहीरनामा लिहिला. त्याचा मथितार्थ असा, की कार्यपद्धतीपेक्षा आणि हत्यारांपेक्षा माणसं आणि त्यांचं आपसातलं बोलणं मोठं. चांगला विचार होता. पुढे त्याची कार्यपद्धती झाली, तिची हत्यारं निघाली, त्यांचे अभ्यासक्रम निघाले, अभ्यासक्रमांची सर्टिफिकेटं निघाली, आणि आता ते सर्टिफिकेट असलेला माणूस रोज सकाळी तुम्हाला उभं करून तीन प्रश्न विचारणार आहे : काल काय केलं, आज काय करणार, अडलंय कुठे.

पहिल्या प्रश्नाला काल केलेल्या कामातलं निम्मं सांगावं, उरलेलं उद्यासाठी शिल्लक ठेवावं. तिसऱ्याला ‘काही अडलेलं नाही’ असंच म्हणावं. अडलंय म्हटलं की त्यावर वेगळी सभा लागते, तिला ज्याच्यामुळे अडलंय तो सोडून सगळे येतात.

सगळ्यांचंच ‘अडलेलं नाही’ असं चालू असताना एक दिवस काम तीन महिने मागे असल्याचं उघड होतं. मग माणसं वाढवतात. फ्रेड ब्रुक्स हा आयबीएमच्या मोठ्या प्रकल्पावर काम केलेला गृहस्थ. रखडलेल्या सॉफ्टवेअरवर माणसं वाढवली की ते आणखी रखडतं, असं त्यानं १९७५ मध्येच ‘द मिथिकल मॅन-मंथ’ या पुस्तकात मांडलं. हिशेब साधा आहे. पाच माणसांत एकमेकांशी बोलणाऱ्या दहा जोड्या होतात, दहा माणसांत पंचेचाळीस. त्यात नवीन आलेल्याला शिकवण्यात जुन्याचा दिवस जातो तो वेगळाच. या पुस्तकाला पन्नास वर्षं होऊन गेली, बऱ्याच मॅनेजरांच्या कपाटात ते असतं, आणि माणसं अजून वाढवतातच. तुम्ही स्वतः बहुधा अशा रखडलेल्या कामावर वाढवलेला माणूस म्हणूनच रुजू होणार आहात. मनाला लावून घेऊ नये.

पाठ तिसरा : साधे काम अवघड करणे

बढती हवी असेल तर हा पाठ तोंडपाठ करावा. ‘चालत होतं ते चालत ठेवलं’ या कामाला बढतीच्या फॉर्मवर रकाना नसतो. रकाना असतो तो ‘नवीन काय उभारलं’ याला. म्हणून जे दोन ओळींत होतं ते वीस माणसांत करायला शिकावं.

उदाहरण आपल्या ओळखीचं घेऊ. ऊस कारखान्याला गेलाय. शेतकऱ्याला तीनचार गोष्टी कळायला हव्यात : तोड कधी येणार, वजनकाट्यावर किती टन भरलं, खत आलंय का, बिल कधी जमा होणार. आजवर हे चिटबॉय सांगायचा, नाहीतर गट ऑफिसात खेटे घालावे लागायचे.

आधुनिक उत्तर असं. आधी ॲप काढावं. ॲपच्या मागे छोट्या छोट्या सेवांची रांग लावावी. एक फक्त टनांची, एक फक्त तारखांची, आणि एक या दोघींची गाठ घालून देणारी. त्या सगळ्या कुबरनेटिस नावाच्या यंत्रणेवर चढवाव्यात. कुबरनेटिस सांभाळायला चार माणसांची वेगळी टीम करावी, टीमला सकाळची उभी सभा द्यावी. रंगीत आलेख काढावेत, रात्री वापरायला काळी पार्श्वभूमी द्यावी. आत जायला ओटीपी ठेवावा. ओटीपी आधारला जोडलेल्या नंबरावर जातो. तो नंबर पुण्यातल्या मुलाचा असतो. आणि मुलगा दुसऱ्या पाठातल्या सभेत उभा असतो. बाप बांधावर, ओटीपी हिंजवडीत, ऊस कुठे आहे ते देवाला ठाऊक.

हे गमतीचं झालं. पण नेमका हाच प्रश्न आपल्या भागात खरोखर हाताळला गेला होता, तोही दोनदा, आणि आपल्या कॉलेजांच्या एकाही वर्गात तो शिकवलेला मी ऐकलेला नाही.

१९९८ मध्ये वारणेच्या काठी ‘वायर्ड व्हिलेज’ नावाचा प्रकल्प सुरू झाला. कोल्हापूर आणि सांगली जिल्ह्यांतली सलग सत्तर गावं, मध्यभागी वारणानगरचा सहकारी साखर कारखाना, पैसा केंद्राचा, राज्याचा आणि थोडा वारणेचा. गावोगाव केंद्रं काढून तिथे संगणक बसवले. गावाला बाजारभाव मिळेल, शेतीचा सल्ला मिळेल, सरकारी योजना, नोकरीच्या जागा, शिक्षण, सगळं त्या पेटीतून येईल, असं ठरलं होतं. तेव्हा तालुक्याच्या गावालाही इंटरनेट म्हणजे नवलाई होती. देशभरात या प्रकल्पाचं नाव झालं.

काही वर्षांनी बघणाऱ्यांना काय दिसलं? संगणक वापरात होते, पण जवळपास सगळा वापर उसाचा. लागणीची नोंद, तोडीची पाळी, टनाचा आकडा, खताची उधारी. बाकीचे मोठे हेतू कागदावरच राहिले. यंत्रं जुनी होत चालली होती, वीज जात होती, दुरुस्तीचा खर्च वाढत होता. मग २००६ च्या सुमारास मायक्रोसॉफ्टच्या बंगळूरच्या संशोधन केंद्रातली मंडळी आली. त्यांनी सात गावांत प्रयोग केला : संगणक काढला, त्या जागी साधा मोबाइल आणि एसएमएस ठेवला. ठरलेल्या पद्धतीनं संदेश पाठवायचा, कारखान्याकडून उत्तराचा संदेश येतो. संगणकाच्या मानानं खर्च कितीतरी कमी. आणि केंद्र उघडायची वाट न बघता, बांधावरून, रात्री जेवून झाल्यावरसुद्धा शेतकऱ्याला विचारता येऊ लागलं.

जगातल्या सर्वांत मोठ्या सॉफ्टवेअर कंपन्यांपैकी एकीच्या संशोधकांनी येऊन संगणक काढला आणि काम सुधारलं! एरवी हीच कंपनी संगणकांवरचं सॉफ्टवेअर विकून मोठी झालेली. ते त्यांना जमलं, कारण ‘इथे काय बसवता येईल’ याऐवजी ‘इथे लोक काय विचारतात’ हे त्यांनी गावात जाऊन बघितलं. माझं मत विचाराल तर सॉफ्टवेअरच्या धंद्याला लागणारी अक्कल एवढीच. उरलेलं सगळं पुस्तकात मिळतं. गोम अशी, की या अकलेला पगारवाढ नाही. सत्तर गावांत संगणक बसवणाऱ्याचा सत्कार होतो. सात गावांतला संगणक काढणाऱ्याचा होत नाही.

शेतकऱ्याला नवं काही नको असतं, असा निष्कर्ष यातून कोणी काढू नये. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ मध्ये बेळगावात पहिला लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडानं जमीन विषारी होते अशी समजूत होती आणि नांगर खपेना. पुढे १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळावर, निवडुंगाच्या रानात किर्लोस्करवाडी उभी राहिली, आणि तेच नांगर दूरदूर गेले. दरम्यान नांगर सुधारत गेला. ‘गिऱ्हाईक अडाणी आहे’ असं म्हणून लक्ष्मणरावांना भागणार नव्हतं. आपल्याला भागतं, कारण आपलं गिऱ्हाईक आपल्याला दिसतच नाही.

पाठ चौथा : धोक्याची पातळी

या नोकरीत रात्री-अपरात्री फोन वाजतो. त्याला ऑन-कॉल म्हणतात. कुठलातरी सर्व्हर आजारी पडला की यंत्रच यंत्राकडे तक्रार करतं आणि दुसरं यंत्र तुम्हाला उठवतं.

रीत अशी आहे, की मोजता येईल ते सगळं मोजावं आणि प्रत्येकावर घंटा बांधावी. डिस्क ऐंशी टक्के भरली की घंटा. एक्क्याऐंशी झाली की पुन्हा घंटा. ऐंशीवर परत आली की ‘बरं वाटतंय’ असं सांगायला तिसरी. महिन्याभरात तुम्ही फोन उशीखाली ढकलायला शिकता, आणि ज्या रात्री खरंच सगळं बंद पडतं त्या रात्रीही तो उशीखालीच असतो. मी एका कंपनीत (नाव कशाला हवंय) सगळी टीम सगळ्या घंटा मुक्या करून बसलेली पाहिली आहे, आणि त्याच टीमला उत्तम देखरेखीबद्दल पारितोषिक मिळालेलंही.

सांगलीच्या उमेदवाराला हा विषय खरं तर शिकवायला लागू नये. कृष्णेवर १९२९ मध्ये आयर्विन पूल झाला. त्या पुलापाशी पाणी मोजतात. चाळीस फूट ही इशाऱ्याची पातळी, पंचेचाळीस फूट ही धोक्याची. जुलै-ऑगस्टात गावभागातल्या कुठल्याही घरी जा. भाजी निवडत असलेली बाईसुद्धा सांगेल, ‘आयर्विनला सदतीस झालंय, कोयनेतनं सोडलंय, वारणापण फुगलीय, रात्रीत वाढंल.’ एकच आकडा. पण त्याला अर्थ आहे, आणि अर्थाला काम बांधलेलं आहे. पाणी चाळिशीकडे सरकायला लागलं की सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर, काकानगर, कर्नाळ रोड या बाजूची माणसं सामान बांधायला घेतात. फ्रीज माडीवर, गॅसची टाकी माडीवर, कागदपत्रं पिशवीत, म्हातारी माणसं मुलीकडे. आकडा कोणी बघायचा, कधी उठायचं, काय हलवायचं, हे सगळं ठरलेलं. आमच्या धंद्यात याची पुस्तकं विकतात, परिषदा भरतात.

आणि ही व्यवस्था कुठे मोडते, तेही सांगलीनं दाखवलं आहे. २००५ च्या महापुरात आयर्विनला पाणी ५३ फुटांच्या पुढे गेलं होतं. तो आकडा लोकांच्या मनात बसला. पाण्याची खूण भिंतीवर राहिली. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी चढायला लागलं तेव्हा कितीतरी घरांतून एकच वाक्य ऐकू येत होतं : “पाचला हितं आलं नव्हतं.” म्हणून माणसं थांबली. पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. माडीवर नेलेल्या सामानासकट माणसं अडकली, आणि पुढे बोटींची वाट बघणं आलं.

आजवरचा सर्वांत वाईट दिवस हाच पुढचाही सर्वांत वाईट दिवस, असं धरून आपण सर्व्हर बांधतो. दिवाळीच्या सेलला, निकालाच्या दिवशी, तत्काळ तिकिटाच्या दहा वाजता जे बंद पडतं ते या हिशेबानं पडतं. तिथे चक्र फिरत राहतं आणि लोक कंपनीला शिव्या देऊन उद्या परत येतात. सांगलीत तशी मुभा नव्हती. वर काय होतंय ते बघायचं, भिंतीवरची जुनी खूण नाही, एवढं सांगलीकराला २०१९ नंतर वेगळं सांगावं लागत नाही. कोयनेत १०५ टीएमसीचा साठा मावतो, तिथून किती क्युसेक सुटतंय, महाबळेश्वरला पाऊस किती, अलमट्टीची पातळी काय, हे आता पोरंसोरंही विचारतात. तुम्हाला मुलाखतीत देखरेखीवर प्रश्न आला, तर हेच उत्तर द्या. घेणारा बंगळूरचा असेल तर कळायला त्याला थोडा वेळ लागेल.

पाठ पाचवा : शुक्रवार

शुक्रवारी नवा कोड सोडू नये. १९ जुलै २०२४ हा शुक्रवार होता. भारतात सकाळचे पावणेदहा वाजत होते, तेव्हा क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-सॉफ्टवेअरच्या कंपनीनं एक छोटी फाइल जगभर पाठवली. ती सदोष होती. दीड तासाच्या आत त्यांनी ती मागे घेतली, पण तोवर सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळे पडले होते आणि ते एकेक करून हातानं उठवावे लागले. आपल्या विमानतळांवर त्या दिवशी पेनानं लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले.

तुमच्या बाबतीत कारण आणखी सोपं आहे. शुक्रवारी संध्याकाळी स्वारगेटवरून साताऱ्याची विनाथांबा गाडी गाठायची असते. कोड सोडला, बिघडला, की ती गेली. मग रात्री अकरा वाजता खंबाटकीच्या ट्रॅफिकमध्ये मांडीवर लॅपटॉप घेऊन दुरुस्त्या करणारा शेजारचा प्रवासी म्हणजे तुम्हीच.

पाठ सहावा : आपले नाव यंत्रात बसवणे

सांगलीच्या पाटलानं रुजू होण्याच्या दिवशी सकाळी लवकर जाऊन ईमेलचा पत्ता मागून घ्यावा. दुपारी गेलात तर नावापुढे आकडा लागेल. नावाचा फॉर्म अमेरिकेत ठरलेला असतो : पहिलं नाव, आडनाव, आणि मधलं ‘असल्यास’. आपलं मधलं नाव म्हणजे बाप किंवा नवरा, ते असल्यास-नसल्यास या सदरात बसत नाही. दहावीच्या सर्टिफिकेटवर आडनाव आधी, पॅनवर शेवटी, आधारवर मुलीचं लग्नाआधीचं, बँकेत नंतरचं. ही चारही माणसं एकच आहेत हे सिद्ध करणं ही तुमची पहिली तीन महिन्यांची खरी नोकरी.

साताऱ्याच्या उमेदवारानं एक प्रयोग जरूर करावा. ‘साताऱ्याला’ हा शब्द संगणकात दोन तऱ्हांनी साठवता येतो. एकीत नुक्ता असलेला ऱ, हलन्त आणि य. दुसरीत साधा र, हलन्त, मग डोळ्यांना न दिसणारं एक जोडचिन्ह, आणि य. पडद्यावर दोन्ही सारखेच. यंत्राच्या लेखी दोन वेगळे शब्द. एका तऱ्हेनं शोधलं की दुसऱ्या तऱ्हेनं लिहिलेले सगळे कागद गायब. कऱ्हाडचंही तेच. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे, तरीही कितीतरी कचेऱ्यांतले जुने मराठी कागद अशा फॉन्टांत आहेत, की दुसऱ्या संगणकावर उघडले की अक्षरांचं भरीत होतं. हे दुरुस्त करणं अवघड नाही. माझ्या मते आपल्या भागातल्या शंभर पोरांनी वर्षभर हेच एक काम केलं, तर त्यांनी आयुष्यभर केलेल्या बाकीच्या सगळ्या कामापेक्षा ते जास्त उपयोगी ठरेल. त्याला पॅकेज नाही म्हणून होत नाही, एवढंच.

पाठ सातवा : पॅकेज, नोटीस आणि सोयरीक

सीटीसी हा आकडा पाव्हण्यांसाठी असतो, हातात येणारा तुमच्यासाठी. दोन्हींत गल्लत करू नये. नोटीस सहसा नव्वद दिवसांची असते, म्हणजे नवीन कंपनीची ऑफर आणि लग्नाचा मुहूर्त यांची कुंडली जुळवूनच राजीनामा द्यावा. २०२५ च्या जुलैत टीसीएसनं सुमारे १२ हजार माणसं कमी करणार असं जाहीर केलं, तेव्हा ते आपल्या भागातल्या सोयरीक जुळवणाऱ्यांना आधी कळलं आणि टीममधल्या निम्म्या लोकांना नंतर. आता स्थळ बघायला आलेले लोक ‘कंपनी परमनंट का?’ असं विचारतात. परमनंट कारखानाच काय तो, असं म्हणून विषय बदलावा. कारखान्याचीही खात्री नाही, पण ते त्यांचं त्यांना ठाऊक असतं.

पाठ आठवा : लिहिणारे यंत्र

आता कोड यंत्रच लिहितं. नवशिक्याला जी कामं देत असत, ती सगळी यंत्राला झटकन जमतात. त्यामुळे वरिष्ठ म्हणतात, नवशिके कशाला हवेत. उद्या वरिष्ठ कुठून आणणार, हे त्यांना कोणी विचारत नाही. यंत्रानं लिहिलेलं वाचायला शिकावं. ते आत्मविश्वासानं चुकतं, आणि आत्मविश्वासानं चुकणाऱ्याला सभेत फार मान असतो, म्हणून जपावं. ऊस किती भरला हे सांगणारा कोड ते दोन मिनिटांत लिहील. तोड कधी येणार हा प्रश्न शेतकरी खरा का विचारतो, टोळी ठरल्या दिवशी न आल्यानं त्याचं काय नुकसान होतं, काटामारीचा संशय असला की त्याला कुठला आकडा ताडून बघायचा असतो, हे यंत्राला तुम्ही सांगितल्याशिवाय कळत नाही. तुम्हाला तरी कुठे कळतं? पण तुमचा चुलता एका हाकेवर आहे.

जाता जाता : आयटी पार्कबद्दल विद्यार्थी नेहमी विचारतात. तो दर निवडणुकीत साताऱ्यालाही येतो आणि सांगलीलाही. वाट बघत बसू नये. २०२० च्या मार्चमध्ये लॅपटॉप घेऊन जी पोरं गावी आली, त्यांनी माडीवर, गोठ्याशेजारी, रेंज मिळेल त्या कोपऱ्यात खुर्ची टाकून अमेरिकेची कामं केली, आणि त्याला कुठल्याही पार्कचं उद्घाटन लागलं नाही.

गृहपाठ

या प्रवेशिकेची परीक्षा नाही, गृहपाठ आहे, आणि तो रुजू होण्याच्या आधी करायचा आहे. एखाद्या सोमवारी सकाळी अकरा वाजता आपल्या तालुक्याच्या गावातल्या आपले सरकार सेवा केंद्रात जा. ओळख सांगू नका. उत्पन्नाच्या दाखल्याला, नॉन-क्रीमिलेअरला, उताऱ्याला आलेल्या लोकांच्या मागे दोन तास उभे राहा. ऑपरेटर कुठला रकाना रोज खोटा भरतो, कुठल्या पानावर साइट लटकते, म्हातारा माणूस बोटाचा ठसा उमटत नाही म्हणून कितव्यांदा हात पुसतो, लोक कुठल्या शब्दात विचारतात आणि पडद्यावर कुठला शब्द असतो, हे साध्या वहीत लिहून काढा. ती वही घेऊन हिंजवडीला जा. मुलाखतीत तिच्याबद्दल कोणी विचारणार नाही. तरीही ती जपून ठेवा आणि जमेल तेव्हा तिच्यातलं एक काम उरकून टाका. सुरुवात चुलत्यांच्या सातबाऱ्यापासून करायला माझी हरकत नाही.